बाळाचं पुस्तक कपाटात नको

ताई, नमस्कार. आम्ही नाशिकला राहतो. मुलगा नऊ महिन्यांचा झाला. मला आणि यांना लहानपणापासून वाचनाची आवड, म्हणून बाळ पोटात असतानाच हौसेने बरीच पुस्तकं आणून ठेवली होती. पण पुस्तक हातात दिलं की तो थेट तोंडात घालतो. चेंडूचं चित्र दाखवलं तर ते पानावरून उचलायला बघतो आणि हाती लागत नाही म्हणून चिडतो. परवा त्याने एक पान टरकावलं. हे म्हणाले, "पुस्तकाचे असे हाल मला बघवत नाहीत," आणि सगळी पुस्तकं कपाटात वर ठेवून दिली. तीन वर्षांचा झाला की काढू, म्हणतात. इकडे नणंदेची सव्वा वर्षाची मुलगी फ्लॅशकार्ड बघून फळं, प्राणी, वाहनं पटापट ओळखते. मी दोन महिन्यांपासून कामावर जाते, सकाळी साडेआठला निघते ती संध्याकाळी साडेसहाला घरी. दिवसभर बाळ सासूबाईंकडे. त्या मूळच्या धुळ्याकडच्या, बाळाशी अहिराणीतच बोलतात, लिहिता-वाचता फारसं येत नाही. मोबाईलवर गाणी लावल्याशिवाय बाळ घास घेत नाही. त्याला पुस्तकांची गोडी लागेल का? मराठी पुस्तकं आणू की इंग्रजी? मला फार मागे पडल्यासारखं वाटतंय.
– एक आई, नाशिक

प्रिय मैत्रीण,

बाकी सगळं नंतर, आधी ती पुस्तकं कपाटातून खाली काढा. आज रात्रीच काढा. तीन वर्षं थांबायचं काहीच कारण नाही, आणि थांबलात तर जो काळ हातातून जाईल तो फार मोलाचा आहे.

तुमच्या पत्रातून मला पुस्तकांशी छान ओळख करून घेणारं बाळ दिसतंय. नऊ महिन्यांच्या मुलाने पुस्तकाचं जे जे करायला हवं ते सगळं तो करतोय. या वयात ओठ आणि जीभ हीच वस्तू जोखायची मुख्य साधनं असतात. टणक की मऊ, गुळगुळीत की खरखरीत, हे डोळ्यांनी बघून त्याचं समाधान होत नाही, तोंडात घातल्यावरच होतं. त्यात दात यायचे दिवस, हिरड्या शिवशिवत असतात. चमचा, खुळखुळा, तुमच्या ओढणीचं टोक सगळं तोंडात जातं, तसं पुस्तकही जाणार. वर्ष उलटल्यावर हे हळूहळू कमी होतं. मात्र तोंडात घातलं की ओरडायचं, हातातून हिसकावून घ्यायचं, असं रोज झालं तर पुस्तक समोर आलं की मोठी माणसं रागावतात एवढंच त्याच्या मनात बसेल. त्यापेक्षा त्याच्या एका हातात चघळायचं खेळणं द्या, पुस्तक तुमच्या हातात धरा आणि बोलायला लागा.

त्याच्या एकट्याच्या हाती द्यायची पुस्तकं मात्र निवडून द्या. जाड पुठ्ठ्याची, गोल कोपऱ्यांची किंवा कापडी. स्टेपलरच्या पिना लावलेली पातळ पुस्तकं, मासिकांची गुळगुळीत पानं, वर्तमानपत्रं तोंडात जायला नकोत. पुठ्ठ्याचा वरचा कागद सुटायला लागला की ते पुस्तक काढून घ्या, कारण लाळेने भिजलेला कागदाचा तुकडा घशात अडकू शकतो. रोज ओल्या फडक्याने पुसलं तरी पुरे.

आता चित्रातला चेंडू उचलण्याबद्दल. ही गोष्ट मला इतकी आवडली की तिच्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ जूडी डिलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली नेमकी हीच गोष्ट अभ्यासली. नऊ महिन्यांच्या बाळांपुढे त्यांनी वस्तूंचे हुबेहूब रंगीत फोटो असलेली पुस्तकं ठेवली. बाळांनी फोटो चोळले, थोपटले, वस्तू पानातून उचलायचा प्रयत्न केला. पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट देशात बेंग समाजाची खेडी आहेत. तिथल्या घरांतून चित्रांची पुस्तकं नव्हतीच, पण तिथल्या बाळांनीही हेच केलं. १९ महिन्यांची मुलं मात्र चित्र पकडायला जात नव्हती, त्याच्याकडे बोट दाखवत होती. म्हणजे दिसतंय ते खरं नाही, ते खऱ्या वस्तूचं चित्र आहे, ही समज मूल जन्मतः घेऊन येत नाही. पानावर हात मारून, चिडून, पुन्हा बघून ती कमवावी लागते. तुमचा मुलगा सध्या तेच करतोय. पुढच्या वेळी तो चिडला की चित्रातल्या चेंडूशेजारी त्याचा खरा चेंडू आणून ठेवा. "हा बघ चेंडू. आणि हा इथे पण चेंडू." काही आठवड्यांत तो एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायला लागेल. तो क्षण यजमानांना जरूर दाखवा.

यजमानांना दुखवून चालणार नाही, कारण त्यांच्या म्हणण्यात खोट नाही. पुस्तकाला चुकून पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या घरांत आपण वाढलो. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली, तिच्यापुढे वह्या-पुस्तकं मांडली. पुस्तक फाटलेलं बघवत नाही, हा संस्कार मला स्वतःला फार प्रिय आहे. फक्त नऊ महिन्यांच्या मुलाच्या हाताला अजून फाडणं आणि पान उलटणं यांतला फरक कळत नाही. त्याला पान पकडता येतं, पण सोडायचं कधी आणि ओढायचं किती हे बोटांना शिकायचंय. तेव्हा घरात दोन जागा करा. यजमानांची पुस्तकं वरच्या कप्प्यात, बाळाची जमिनीलगत, त्याला रांगत जाऊन स्वतः ओढता येतील अशी. एखादी पसरट टोपली चालेल. टोपलीत चार-पाचच पुस्तकं ठेवा आणि अधूनमधून बदला. पाठीचे कणे दाखवत उभी लावू नका. मुखपृष्ठ दिसलं तर त्याला पुस्तक ओळखता येतं.

आणि फाटलेल्या पानांची डागडुजी यजमानांकडे द्या. बाळाला समोर बसवून, त्याच्याशी बोलत पान चिकटवायचं. "अरे, पान फाटलं. आपण नीट करू या हं." चिकटपट्टीची कड सुटलेली नाही ना, तेवढं बघायचं. दीड-दोन वर्षांची मुलं मग आपणहून फाटलेलं पुस्तक घेऊन बाबांकडे येतात. पुस्तकाबद्दलचा आदर शिकवायचा हा रस्ता मला कपाटाच्या कुलपापेक्षा कितीतरी खात्रीचा वाटतो.

"इतक्या लहान बाळाला काय कळतंय," असं त्यांनी विचारलं तर सांगा, की अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच आपल्या डॉक्टरांना सांगितलं, दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक आईबापाला तान्हेपणापासून मोठ्याने वाचून दाखवायला सुचवा. बोस्टनच्या सरकारी इस्पितळात तर १९८९ पासून लसीकरणाला आणि तपासणीला आलेल्या मुलांच्या हाती डॉक्टर पुस्तक देऊ लागले. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम शहरात १९९२ मध्ये ३०० कुटुंबांना त्यांच्या बाळांसाठी पुस्तकांची पिशवी देण्यात आली, पुढे ती योजना देशभर पसरली. या मुलांत तुमच्या मुलाएवढी बाळंही होती. आपल्याकडे लसीकरणाच्या रांगेत असं पुस्तक मिळावं ही माझी फार दिवसांची इच्छा आहे, पण तो वेगळा विषय.

या वयात बाळाला अक्षरं कळत नाहीत, गोष्ट कळत नाही. मग काय कळतं? त्याला माणूस कळतो. १९८६ साली डिकॅस्पर आणि स्पेन्स या संशोधकांनी काही गरोदर स्त्रियांना शेवटच्या दीड महिन्यात रोज एकच उतारा मोठ्याने वाचायला सांगितलं होतं. जन्मानंतर दोन-तीन दिवसांतच त्यांच्या बाळांना तो उतारा आणि एक अनोळखी उतारा ऐकवला. तोंडात दिलेली चोखणी चोखायची लय बदलली की हवा तो उतारा ऐकू येईल, अशी सोय केलेली होती. बाळांनी ऐकलेला उतारा निवडला. शब्दांचा अर्थ त्यांना अर्थातच माहीत नव्हता. त्यांच्या ओळखीची होती ती लय, तो चढउतार. म्हणून बाळाला वाचून दाखवताना तुम्ही काय वाचता यापेक्षा तो कुणाच्या मांडीवर बसलाय, त्या माणसाचा चेहरा कसा हलतोय, आवाज कसा बदलतोय हे मोठं. पुस्तकाची गोडी लागते ती या मांडीच्या वाटेने. मूल आधी त्या माणसावर जीव लावतं, मग त्याच्या हातातल्या वस्तूवर.

वाचायचं कसं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण खरी गोम तिथेच आहे. बहुतेक आईबाबा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मजकूर वाचायला जातात, बाळ मध्येच पान मिटतं, आणि मग "याला आवडच नाही" असं वाटायला लागतं. मजकूर सोडून द्या. एका पानावर थांबा. १९७८ मध्ये अनत निनियो आणि जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञांनी एका आईचं आणि तिच्या बाळाचं पुस्तक बघणं कित्येक महिने बारकाईने टिपलं होतं. बाळ आठ महिन्यांचं असताना सुरुवात केली. त्यांना दिसलं की आई दर वेळी साधारण एकाच चालीने जाते. आधी लक्ष वेधते, मग विचारते, मग नाव सांगते, आणि बाळाने हसून, हुंकारून, काहीही करून दाद दिली की त्यालाच उत्तर मानते. आपल्याकडच्या आया हे न शिकताच करतात:

"अगं बाई, कोण आलंय हे?"
(थांबायचं.)
"भूभू आलाय! भूभू!"
(बाळ हात आपटतं, "अऽ" करतं.)
"हो रे माझ्या राजा, भूभूच आहे. कसा करतो भूभू?"

यातलं थांबणं फार महत्त्वाचं. मनातल्या मनात पाच आकडे मोजा. मोठ्या माणसाला ती शांतता लांबलचक वाटते, पण बाळाला ऐकलेलं पोचायला आणि अंगातून उत्तर निघायला तेवढा वेळ लागतो. पाय झाडणं हे उत्तर आहे. तुमच्या तोंडाकडे बघणं हे उत्तर आहे. तो ज्या चित्राकडे बघतोय त्याच्याबद्दल बोला, तुम्हाला दाखवायचंय त्याच्याबद्दल नको. तुम्ही हत्ती दाखवताय आणि तो कोपऱ्यातल्या मुंगीवर बोट ठेवतोय, तर मुंगीबद्दल बोला. त्याने पुस्तक मिटलं तर "झालं? बरं," म्हणून बाजूला ठेवा. दोन मिनिटं झाली असतील, एखादंच पान झालं असेल, तरी त्या दिवसाचं वाचन झालं. पुस्तक उलटं धरलं तर सरळ करायची घाई नको. तेच पुस्तक पुन्हा पुन्हा हवं असेल तर कंटाळा आला तरी द्या. पुढे काय येणार हे आपल्याला आधीच माहीत असण्यात बाळाला जो आनंद असतो तो मोठ्यांना सहज उमगत नाही.

आता सासूबाई. तुमच्या पत्रात त्या अडचणींच्या यादीत आल्या आहेत. माझ्या मते तुमच्या घरातलं सगळ्यात मोठं बळ त्याच आहेत. दिवसाचे दहा तास बाळ ज्या माणसाजवळ असतं, त्याच्याकडूनच त्याला पुस्तक कळणार आहे.

आमच्या वाचनकट्ट्यावर एक आजी नातीला घेऊन येत. पहिल्याच दिवशी दाराशीच म्हणाल्या, "मला वाचता येत नाही, मी नुसती बसते." त्यांच्यासमोर मी बाजाराचं एक मोठं चित्र ठेवलं, त्यात एकही शब्द नव्हता. थोडा वेळ त्या बघत राहिल्या. मग त्यांचं बोट एका बाईवर गेलं. "ही भाजीवाली तागडी कशी धरलीय बघ, असं नाही धरत. अशी धरतात." आणि त्यांनी हवेत तागडी धरून दाखवली. नातीनेही हात वर केला. मग आठवडी बाजार आला, बैलगाडी आली, बाजारातून आणलेला खाऊ आला, वाटेत हरवलेली शेळी आली. नात कधी चित्राकडे, कधी आजीच्या तोंडाकडे बघत होती. मी जवळच बसून ऐकत होते, आणि त्या चित्राचं इतकं सुंदर वाचन मी क्वचित ऐकलंय.

तुमच्या सासूबाईंना "बाळाला वाचून दाखवा" म्हणू नका. ते ऐकून त्या अवघडतील, आणि न येणाऱ्या गोष्टीची कोणी आठवण करून दिली की माणूस मागे सरतं. "आई, याला जरा चित्रं दाखवा ना, तुम्ही सांगितलं की हा कसा टुकूटुकू बघतो," असं म्हणा. ते खरंही आहे. शब्द नसलेली किंवा अगदी थोडे शब्द असलेली मोठ्या चित्रांची पुस्तकं त्यांच्या हाताशी ठेवा. शेत, गुरं, बाजार, स्वयंपाकघर, पाऊस, अशी त्यांच्या ओळखीची चित्रं. वांग्याचं चित्र दिसलं की त्या भरताबद्दल बोलतील, आणि ते बोलणं कुठल्याही छापील ओळीपेक्षा रसाळ असेल.

आणि त्या अहिराणीत बोलतात ते तसंच चालू दे. घरात दोन-तीन भाषा ऐकल्याने मूल गोंधळत नाही, त्याचं बोलणं अडून राहत नाही. कधी एका वाक्यात दोन भाषांचे शब्द येतील, ते दोन्ही घरची असल्याची खूण आहे. आजीची अहिराणी, तुमची मराठी, दोन्ही त्याच्या हक्काच्या. आजीने मुद्दाम तोडकीमोडकी प्रमाण मराठी बोलावी, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. ज्या भाषेत माणूस हसतो, लाडात येतो, खोटंखोटं रागावतो, त्याच भाषेत त्याने बाळाशी बोलावं. ओव्या, अंगाईगीतं, बोटांवरचे खेळ, चिऊकाऊच्या गोष्टी, खानदेशातल्या कानबाईच्या वेळची गाणी, जे आठवेल ते म्हणू द्या. यमक, ताल, पुन्हा पुन्हा येणारी ओळ हे कानावर पडलेलं मूल पुढे अक्षरांतले आवाज सहज वेगळे ओळखतं, आणि वाचायला शिकताना तेच कामी येतं.

त्यांच्यासाठी आणि बाळासाठी मिळून एक पुस्तक घरीच करा. मला वाटतं, तुमच्या घरातलं पहिलं लाडकं पुस्तक तेच ठरेल. जुन्या लग्नपत्रिका असतीलच, त्यांतल्या जाडजूड, साध्या कागदाच्या निवडा. चमकी, सोनेरी भुकटी, मणी लावलेल्या नकोत. सारख्या मापाच्या कापा, कोपरे कात्रीने गोल करा. एका पानावर एकच फोटो: आजी, आजोबा, बाबा, आई, दारातली तुळस, शेजारचं मांजर, त्याची वाटी, त्याचं उष्टावण. चेहरा मोठा दिसेल असा फोटो घ्या, गर्दीचा नको. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ करा. पूर्वी बांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. हे पुस्तक तोंडात जाणार आहे, तेव्हा मोरचूद अजिबात घालायचा नाही, तो विषारी असतो. दोन पत्रिका पाठीला पाठ लावून चिकटवल्या की पान भक्कम होतं. वजनाखाली ठेवून पूर्ण वाळू द्या, मग कडेने सुती पट्टी चिकटवून आणि दाभणाने शिवून बांधा. लोंबते दोरे ठेवू नका. कापडी हवं असेल तर सासूबाईंच्या मऊ झालेल्या जुन्या सुती लुगड्याचे तुकडे घ्या, त्यावर रंगीत कापडाचे मासा, पान, सूर्य असे सोपे आकार लावा आणि गोधडीसारखा धावदोरा घाला. हे काम तुमच्यापेक्षा त्यांना छान जमेल, आणि आपण शिवलेलं पुस्तक नातवाला दाखवताना मला वाचता येत नाही हे त्यांच्या मनातही येणार नाही.

तुमच्या स्वतःच्या वेळेबद्दल फार अपराधी वाटून घेऊ नका. दमून आल्यावर तासभर वाचा असं मी सांगणार नाही. आल्यावर हातपाय धुवा, त्याला घ्या, दूध पाजताना किंवा झोपवताना एकच पुस्तक, पाच-सात मिनिटं. वेळ शक्यतो तीच ठेवा, म्हणजे तो त्या वेळेची वाट बघायला लागतो. एखादी रात्र चुकली तर चुकली. रविवारची सकाळ बाबांची. बाबांचा आवाज जाड, ते वाघ वेगळा करतात, आणि बाळाला तो वेगळेपणाच हवा असतो.

मोबाईलबाबत मात्र मी जरा ठामपणे सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये, आणि बाळ बसलेलं असेल तेव्हा त्याला गोष्टी सांगाव्यात, वाचून दाखवावं. आपल्याकडची बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांपर्यंत पडदा नको म्हणते. "पण गाण्यांतून शब्द शिकतो ना," असं घरोघरी ऐकू येतं. संशोधक पॅट्रिशिया कुल यांनी २००३ साली अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली होती. काहींना ती बोलणाऱ्या बायका समोर बसून पुस्तकं वाचून आणि खेळणी घेऊन ऐकवत होत्या, काहींना त्याच बायकांचं बोलणं पडद्यावर दाखवलं. समोरासमोर ऐकलेल्या बाळांना त्या भाषेतले बारीक आवाज ओळखू यायला लागले. पडद्यावर ऐकलेल्यांना काहीच फायदा झाला नाही. भाषा तीच, वय तेच, फक्त समोर माणूस नव्हता. व्हिडिओ कॉलवर आजोबांशी बोलणं वेगळं, तिथे पलीकडचा माणूस त्याला उत्तर देतो.

जेवणाची सवय एका दिवसात मोडणार नाही. एका वेळच्या जेवणापासून सुरुवात करा, सकाळचं सोपं. आधी घरच्या मंडळींनी आपापले फोन दुसऱ्या खोलीत ठेवावेत. त्याच्या हातात चमचा द्या, ताटलीत भाताची मऊ शितं टाका, खिडकीतला कावळा दाखवा. तीन-चार दिवस रडेल, कमी खाईल. सासूबाईंना हे आधी नीट समजावून सांगा, नाहीतर नातू उपाशी राहिला या काळजीने त्या फोन काढतील आणि त्यांचंही चूक नाही. मोबाईलच्या जागी पुस्तक लावून भरवू नका. भुकेकडे त्याचं लक्षच राहणार नाही, तेही मोबाईलसारखंच होईल.

नणंदेच्या मुलीला फ्लॅशकार्डं ओळखता येतात, छान आहे, तिचं कौतुक करा. पण "सफरचंद कुठे?" विचारल्यावर बोट ठेवणं आणि पुस्तक आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी. कार्डावर एकटं सफरचंद असतं, ते कुणी तोडलं, कुणी खाल्लं, कुणाचं पडलं हे काही नसतं, त्यामुळे परीक्षेपलीकडे त्यावर बोलायला फारसं उरत नाही. शिवाय ती सव्वा वर्षाची, हा नऊ महिन्यांचा. या वयात सहा महिने म्हणजे फार मोठं अंतर. घरी आलेल्या पाहुण्यांसमोर त्याची परीक्षा घेऊ नका, एवढी माझी कळकळीची विनंती. काळजी करायचीच तर दुसऱ्या गोष्टींची करा: हाक मारल्यावर वळतो का, आवाजाच्या दिशेने बघतो का, "बाबाबा", "दादादा" असे आवाज काढतो का, तुमच्या चेहऱ्याकडे बघून हसतो का. यांतलं काही होत नसेल तर डॉक्टरांना दाखवा आणि कान तपासून घ्या. पत्रावरून तरी तसं काही वाटत नाही.

मराठी की इंग्रजी, याचं माझं उत्तर सरळ आहे. ज्या भाषेत तुम्हाला बाळाशी वेडंवाकडं, मनमोकळं बोलता येतं त्या भाषेतली पुस्तकं. तुमच्या बाबतीत ती मराठी. आधी आणलेल्यांत इंग्रजी पुस्तकं असतील तर टाकून देऊ नका, चित्रं चांगली असतील तर मराठीत बोला, बाळाला अक्षरांशी कर्तव्य नाही. नवीन घेताना ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, तूलिका, नॅशनल बुक ट्रस्ट यांची मराठी चित्रपुस्तकं चाळून बघा. बरीचशी पातळ कागदाची असतात, ती मोठ्यांनी हातात धरून दाखवायची. तोंडात घालायला पुठ्ठ्याची वेगळी. मराठीत तान्ह्या बाळांसाठी जाड पुठ्ठ्याची पुस्तकं अजून फारच थोडी निघतात, ही खंत आहे, म्हणून तर घरच्या पुस्तकाचा एवढा आग्रह. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट उतरवून घेता येतात. त्या बाळाला फोनवर दाखवू नका, छापून आणा.

पुस्तकं विकत घ्यायचीच असंही नाही. तुमच्या गावात १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, नाशिककर ज्याला सावाना म्हणतात. यजमानांना वाचनाची आवड आहे, तेव्हा वर्गणी त्यांच्या नावाने भरा आणि जाताना बाळाला बरोबर न्या. तिथे मुलांसाठी काय मिळतं ते विचारा, मोठ्या चित्रांची पुस्तकं मागा, नसली तर मागणी नोंदवा. वाचनालयाचं पुस्तक मात्र बाळाच्या हाती एकट्याने द्यायचं नाही, ते बाबांनी धरायचं. सासूबाईंनाही न्या, आणि पुढच्या आठवड्याची पुस्तकं त्यांनाच निवडू द्या.

तुमची,
ताई